पाऊस, पातळी आणि विसर्ग: फार वेगळ्या पल्ल्यांचे आकडे स्प्रेडशीटच्या आलेखात कसे मांडावेत

जुलै महिना लागला की कोल्हापुरात रोज सकाळी तीन आकडे विचारले जातात: गगनबावड्याला रात्रीत किती पाऊस झाला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे आणि राधानगरी धरणातून किती विसर्ग सुरू आहे. हे आकडे रोज स्प्रेडशीटमध्ये नोंदवून त्यांचा आलेख काढू पाहणारी व्यक्ती ग्रामपंचायतीची कर्मचारी असो, भूगोलाची शिक्षक असो किंवा नदीकाठची शेतकरी असो, पहिल्याच प्रयत्नात एका अडचणीपाशी येऊन थांबते. पाऊस मिलिमीटरमध्ये म्हणजे दहांत किंवा शेकड्यांत असतो, पातळी फुटांत म्हणजे तीस-चाळीसच्या आसपास असते आणि विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला इतके घनफूट पाणी) म्हणजे हजारांत जातो. तिन्ही एका अक्षावर टाकले की विसर्गाची रेषा तेवढी दिसते आणि बाकीच्या दोन तळाशी आडव्या झोपतात. या लेखात हीच अडचण पायरीपायरीने सोडवली आहे. मेनूंची नावे प्रामुख्याने एक्सेलमधील दिली असून, जेथे फरक पडतो तेथे गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कचाही उल्लेख केला आहे.

आधी आकडे, मग आलेख

सरावासाठी पुढील तक्ता नव्या पानावर उतरवून घ्यावा. यातील आकडे काल्पनिक आहेत. विसर्ग ठरवताना वीजगृहातून १५०० क्युसेक धरले आहेत आणि उघडलेल्या प्रत्येक स्वयंचलित दरवाजामागे, बातम्यांत नेहमी येतात तसे, १४२८ क्युसेक मिळवले आहेत.

| दिवस | पाऊस (मिमी) | फूट | इंच | विसर्ग (क्युसेक) |
|---|---|---|---|---|
| सोमवार | ६२ | २७ | ४ | १५०० |
| मंगळवार | ११८ | ३१ | ९ | १५०० |
| बुधवार | १७४ | ३६ | २ | २९२८ |
| गुरुवार | १४१ | ३९ | ११ | ४३५६ |
| शुक्रवार | ७३ | ४१ | ६ | ७२१२ |
| शनिवार | ३८ | ४० | ३ | ४३५६ |
| रविवार | २१ | ३७ | ८ | २९२८ |

फूट आणि इंच यांचे दोन वेगळे रकाने मुद्दाम ठेवले आहेत. पातळीची बातमी ‘३९ फूट ११ इंच’ अशी येते आणि घाईत ती ३९.११ अशी भरली जाते, पण एका फुटात बारा इंच असल्यामुळे हा आकडा दशांशात ३९.९२ होतो. चुकीच्या पद्धतीने भरले तर ३९ फूट ११ इंच ही पातळी ३९ फूट ६ इंचांपेक्षा खाली दिसेल, म्हणजे चढत्या नदीचा आलेख मध्येच उतरलेला दिसेल, आणि असा आलेख कोणी खरा मानला तर परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून सहावा रकाना ‘पातळी’ या नावाने जोडावा आणि त्यात ‘फुटांचा सेल अधिक इंचांचा सेल भागिले १२’ असे सूत्र लिहून ते खालपर्यंत ओढून घ्यावे. सोमवारी २७.३३, गुरुवारी ३९.९२ आणि शुक्रवारी ४१.५ असे आकडे आले तर सूत्र बरोबर आहे. आलेखात यापुढे फक्त हाच रकाना वापरायचा आहे.

आणखी एक काळजी घ्यावी. सेलमध्ये आकड्यापुढे ‘फूट’ किंवा ‘मिमी’ असे लिहू नये, कारण मग स्प्रेडशीट त्या नोंदीला मजकूर समजते आणि आलेखात ती शून्य होते किंवा गायब होते. एकक रकान्याच्या शीर्षकात लिहावे.

सरळ रेषालेख काढून पाहावा

दिवस, पाऊस, पातळी आणि विसर्ग हे चार रकाने निवडावेत. लगत नसलेले रकाने कंट्रोल की दाबून एकत्र निवडता येतात. त्यानंतर ‘इन्सर्ट’ टॅबमधून साधा रेषालेख घालावा. उभा अक्ष आपोआप ८००० पर्यंत जाईल. या अक्षावर बुधवारचा १७४ मिलिमीटर पाऊस आलेखाच्या उंचीच्या जेमतेम दोन टक्के भरतो, आणि आठवड्याभरात नदी चौदा फूट चढली हे तर रेषेच्या जाडीतच बुडून जाते. आलेख खोटा नाही, पण त्यातून काही कळतही नाही.

येथे बटण शोधण्याआधी थोडे थांबून एक गोष्ट ठरवावी लागते, आणि माझ्या मते सारा प्रश्न तिथेच सुटतो: वाचकाला नेमके काय ताडून पाहायचे आहे? दोन गोष्टी एकाच वेळी वरखाली होतात का, हे पाहायचे असेल तर एक मार्ग आहे, कोणती गोष्ट किती पटीने वाढली हे पाहायचे असेल तर दुसरा, आणि एकाच एककातील लहानमोठे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर तिसरा. बहुतेक जण हे न ठरवताच दुसरा अक्ष जोडून मोकळे होतात.

दुसरा उभा अक्ष कसा जोडावा

दुसरा अक्ष वाईट नाही, फक्त तो दोन एककांपुरताच उपयोगी आहे. एक्सेलच्या एका आलेखाला डावा आणि उजवा असे दोनच उभे अक्ष मिळतात, त्यामुळे आपल्या तीन मालिकांपैकी (आलेखात घेतलेला आकड्यांचा प्रत्येक रकाना म्हणजे एक मालिका) एक बाजूला ठेवावी लागेल. तूर्त विसर्ग बाजूला ठेवून पाऊस आणि पातळी घेऊ.

दिवस, पाऊस आणि पातळी हे तीन रकाने निवडून ‘इन्सर्ट’ टॅबमधील ‘चार्ट्स’ या गटात ‘कॉम्बो’ आलेखाचे चिन्ह उघडावे आणि त्यातील शेवटचा, स्वतः जुळणी करण्याचा पर्याय घ्यावा. उघडणाऱ्या खिडकीत प्रत्येक मालिकेसमोर आलेखाचा प्रकार आणि ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’ची चौकोनी खूण दिसते. पावसाला स्तंभ द्यावेत, पातळीला रेषा द्यावी आणि खूण फक्त पातळीसमोर करावी. दिवसभरात साचलेल्या पावसाला स्तंभ शोभतो आणि सलग बदलणाऱ्या पातळीला रेषा, हे खरेच, पण याला एक व्यावहारिक कारणही आहे. दोन्ही मालिका स्तंभांच्या ठेवून त्यांतील एक उजव्या अक्षावर नेली तर एक्सेल दोन्हींचे स्तंभ शेजारी न मांडता एकमेकांवर चढवते आणि मागचा स्तंभ झाकला जातो.

आलेख आधीच काढलेला असेल तर पातळीच्या रेषेवर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट डेटा सिरीज’ निवडावे आणि बाजूच्या पट्टीत ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’वर खूण करावी. मात्र तळाला चिकटलेल्या रेषेवर नेमके क्लिक करणे जिकिरीचे असते. अशा वेळी आलेख निवडून ‘फॉरमॅट’ टॅबमध्ये जावे. तेथे अगदी डावीकडे एक लहान यादी असते आणि त्या यादीतून हवी ती मालिका नावाने निवडता येते. ही सोय फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण तिने पुष्कळ वेळ वाचतो.

गूगल शीट्समध्ये आलेखाचा प्रकार ‘कॉम्बो चार्ट’ ठेवून ‘कस्टमाइझ’ या भागातील ‘सिरीज’मध्ये जावे, वरच्या यादीतून पातळी निवडावी आणि अक्ष म्हणून ‘राइट अ‍ॅक्सिस’ द्यावा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘कॉलम अँड लाइन’ हा प्रकार घ्यावा, मालिकेवर दोनदा क्लिक करावे आणि ‘ऑप्शन्स’ या पानावर ती दुय्यम अक्षाशी जोडावी.

यानंतर दोन्ही अक्षांच्या मर्यादा हाताने ठरवाव्यात. डाव्या अक्षावर दोनदा क्लिक करून किमान ०, कमाल २०० आणि मुख्य टप्पा ५० द्यावा. उजव्या अक्षावर किमान २०, कमाल ६० आणि टप्पा १० द्यावा. दोन्हीकडे चारच भाग झाल्यामुळे मागच्या आडव्या रेषा दोन्ही अक्षांच्या आकड्यांवर बरोबर बसतात. उजवा अक्ष ४५ वरच का थांबवू नये, असा प्रश्न पडेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि हाताने ठरवलेली मर्यादा नवे आकडे भरल्यावर आपोआप वाढत नाही. नेमक्या गरजेच्या दिवशी रेषा आलेखाच्या छताबाहेर जाऊ नये म्हणून जागा आधीच सोडलेली बरी. पावसाबाबतही हेच लागू होते: हीच फाईल पूर्ण हंगामभर वापरायची असेल तर डावीकडे ० ते ४०० आणि टप्पा १०० ठेवावा.

शेवटी दोन्ही अक्षांना एककासह शीर्षके द्यावीत आणि प्रत्येक अक्षावरील आकड्यांचा रंग त्याच्या मालिकेच्या रंगासारखा करावा. कोणती मालिका कोणत्या अक्षावर वाचायची हे सांगणारी याहून सोपी खूण नाही.

इशारा आणि धोका पातळीच्या रेषा

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि या दोन आडव्या रेषांशिवाय कोल्हापुरातील वाचकाला पातळीचा आलेख अपुराच वाटेल. त्यासाठी तक्त्यात आणखी दोन रकाने जोडून एकात सर्व दिवसांसमोर ३९ आणि दुसऱ्यात ४३ भरावेत, ते आलेखात घ्यावेत, त्यांचा प्रकार रेषा ठेवावा आणि दोन्ही मालिका उजव्या अक्षावर न्याव्यात.

हे शेवटचे वाक्य विसरू नये. नव्या मालिका बहुधा डाव्या अक्षावर येऊन बसतात. तसे झाले तर ४३ फुटांची रेषा प्रत्यक्षात ४३ मिलिमीटरवर, म्हणजे आलेखाच्या एक-पंचमांश उंचीवर पडेल आणि मंगळवारी पावणेबत्तीस फुटांवर असलेली नदी धोका पातळी ओलांडून गेल्यासारखी दिसेल. असा आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर काय गोंधळ उडेल, हे शिरोळ किंवा करवीर तालुक्यातील कोणालाही सांगावे लागणार नाही.

दुसरा अक्ष काय लपवतो

आता पावसाची मालिकाही तात्पुरती रेषेत बदलून एक प्रयोग करून पाहावा. उजवा अक्ष २० ते ६० असताना पाऊस आणि पातळी या रेषा गुरुवार आणि शुक्रवार यांच्या मध्ये एकमेकींना छेदतात. अक्ष २५ ते ४५ केला की हाच छेद बुधवार-गुरुवारच्या मध्ये सरकतो, आणि ० ते ५० केला की रेषा एकदा नव्हे तर दोनदा छेदतात. तक्त्यातील एकही आकडा बदललेला नाही. मिलिमीटर आणि फूट यांची तुलनाच होत नसल्यामुळे त्या छेदबिंदूला काही अर्थ नाही, तरीही वाचकाची नजर हटकून तिथेच जाते आणि ‘येथे नदीने पावसाला मागे टाकले’ असा काहीतरी निष्कर्ष काढते. चढाची तीव्रताही अशीच आपल्या हातात असते: २० ते ६० च्या अक्षावर नदी सावकाश चढते, तर २५ ते ४५ वर तीच नदी अंगावर आल्यासारखी वाटते.

म्हणून दुसरा अक्ष वापरायचा असल्यास एक मालिका स्तंभांत आणि एक रेषेत ठेवावी, म्हणजे छेदबिंदूच तयार होत नाही. आलेख लोकांसमोर ठेवायचा असेल तर मी मात्र पुढची पद्धत पसंत करतो.

एकाखाली एक तीन आलेख

तिन्ही मालिकांचे तीन स्वतंत्र, बुटके आणि रुंद आलेख काढून ते एकाखाली एक मांडावेत: वर पाऊस, मध्ये विसर्ग, खाली पातळी. प्रत्येकाला स्वतःचा अक्ष मिळतो, तीन एककांची अडचण राहत नाही आणि दिवस तेच असल्यामुळे नजर सरळ खाली उतरते. आपल्या तक्त्यात पाऊस बुधवारी सर्वाधिक आहे आणि पातळी शुक्रवारी. हे दोन दिवसांचे अंतर दोन अक्षांच्या आलेखात शोधावे लागते, येथे ते आपोआप दिसते. विसर्गाचे शिखरही शुक्रवारीच आहे हे त्याच नजरेत येते, आणि पाऊस ओसरला तरी नदी का चढत राहिली याचा धागा मिळतो. अर्थात धरणातून सुटलेले पाणी बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि पंचगंगेत, राधानगरी धरण ज्या नदीवर आहे त्या भोगावतीशिवाय, कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्यांचेही पाणी येते, त्यामुळे एका आठवड्याच्या आलेखावरून कार्यकारण ठरवू नये.

जुळणी करताना एक गोष्ट त्रास देते. विसर्गाच्या अक्षावरील आकडे चार अंकी आणि पातळीचे दोन अंकी असल्याने आतील चित्राची जागा प्रत्येक आलेखात थोडी वेगळी होते आणि सोमवार सोमवाराखाली येत नाही. त्यासाठी तिन्ही आलेखांची बाहेरची रुंदी आधी सारखी करावी, ऑल्ट की दाबून आलेख ओढावा म्हणजे तो सेलच्या कडांना चिकटतो, आणि मग प्रत्येकातील आतील चौकट निवडून तिची डावी आणि उजवी कड हाताने जुळवावी. वरच्या दोन आलेखांखालील दिवसांची नावे काढून टाकली की जागाही वाचते आणि तिन्ही मिळून एकच आलेख असल्यासारखे दिसते.

जागा अगदीच कमी असेल, उदाहरणार्थ जिल्ह्यातील बाराही तालुक्यांच्या यादीत प्रत्येक नावासमोर कल दाखवायचा असेल, तर एक्सेलमधील ‘स्पार्कलाइन्स’ वापराव्यात. सेलमध्ये बसणाऱ्या या छोट्या रेषांना मुळातच आपापले किमान-कमाल असते, त्यामुळे आकार कळतो, पण कोणत्या तालुक्यात पाऊस जास्त झाला हे त्यांवरून कळत नाही.

एकक एकच, पण आकडे लहानमोठे

गगनबावड्याचा आणि शिरोळचा पाऊस एकाच एककात असला तरी घाटमाथा आणि पूर्वेकडील सपाट भाग यांत फार मोठी तफावत असते. येथे दुसरा अक्ष जोडणे ही सरळ दिशाभूल होय, कारण तुलना करता येण्याजोगे आकडे त्याने तोडले जातात. आडवे स्तंभ उतरत्या क्रमाने लावावेत आणि प्रत्येक स्तंभाच्या टोकाला आकडा द्यावा, एवढे बहुधा पुरते. शिरोळचा स्तंभ आखूड दिसणारच, कारण तेथील पाऊस खरोखरच कमी आहे. ‘यंदा नेहमीपेक्षा कमी की जास्त’ हा प्रश्न असेल तर प्रत्येक तालुक्याचा पाऊस त्याच्याच सरासरीच्या टक्क्यांत काढून तो आलेखात घ्यावा, म्हणजे पल्ल्याचा प्रश्नच उरत नाही.

मोठा स्तंभ मध्येच तोडून वाकडी खूण करण्याचा मोह टाळावा. एक्सेलमध्ये तशी तयार सोय नाही आणि चित्रे चिकटवून ती केली तरी लांबीवरून प्रमाण वाचण्याची शक्यता संपते.

आकडे शेकड्यांपासून लाखांपर्यंत पसरलेले असतील तर लॉगॅरिदमिक अक्ष उपयोगी पडतो. समजा, जिल्ह्यातील गावांची लोकसंख्या आणि वसूल झालेला घरफाळा यांचा संबंध पाहायचा आहे. काहीशे वस्तीची वाडी आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या जवळ असलेले कोल्हापूर शहर एका साध्या अक्षावर घेतले तर सारी गावे एका कोपऱ्यात गोळा होतील. बिंदूंचा आलेख काढून अक्षावर दोनदा क्लिक करावे आणि ‘लॉगॅरिदमिक स्केल’वर खूण करावी, तसेच आडव्या अक्षालाही करावे. गूगल शीट्समध्ये हीच खूण अक्षाच्या भागात ‘लॉग स्केल’ नावाने असते. आता १०० ते १,००० हे अंतर १,००० ते १०,००० इतकेच असते, म्हणजे समान अंतराचा अर्थ समान पट असा होतो.

या अक्षाला दोन पथ्ये आहेत. त्यावर शून्य आणि ऋण आकडे बसत नाहीत, त्यामुळे पाऊस न पडलेला दिवस तेथे दाखवता येणार नाही. दुसरे म्हणजे त्यावर स्तंभ काढू नयेत: स्तंभाची लांबी शून्यापासून मोजायची असते आणि या अक्षावर शून्यच नाही. बिंदू किंवा रेषा घ्यावी आणि अक्षाच्या शीर्षकात ‘लॉग प्रमाण’ असे स्पष्ट लिहावे, कारण ग्रामसभेत हा आलेख दाखवला तर निम्मे लोक तो साध्या अक्षासारखाच वाचतील.

वाढीचा वेग ताडायचा असेल तर निर्देशांक

दुधाचा दर लिटरला, उसाचा टनाला आणि गुळाचा क्विंटलला सांगितला जातो. समजा काही वर्षांत दूध ३० वरून ३६ रुपयांवर, ऊस २,८०० वरून ३,१५० वर आणि गूळ ३,५०० वरून ३,८५० वर गेला. एका अक्षावर दुधाची रेषा सपाट दिसेल, पण वाढ पाहिली तर दूध २० टक्के, ऊस साडेबारा टक्के आणि गूळ १० टक्के वाढला आहे. अशा वेळी प्रत्येक वर्षाचा दर पहिल्या (पायाभूत) वर्षाच्या दराने भागून १०० ने गुणावा; येणारा आकडा म्हणजे निर्देशांक. सूत्र खाली ओढताना पहिल्या वर्षाचा सेल हलू नये म्हणून त्याच्या ओळीच्या क्रमांकाआधी डॉलरचे चिन्ह द्यावे. सूत्रातील त्या पत्त्यावर कर्सर ठेवून एफ-४ कळ दाबत गेल्यास ते चिन्ह हव्या त्या जागी येते. मग तिन्ही रेषा १०० पासून निघतात आणि एकाच अक्षावर प्रामाणिकपणे ताडता येतात.

पायाभूत वर्ष मात्र विचारपूर्वक निवडावे. २०१९ सारखे महापुराचे वर्ष पाया धरून उसाच्या उत्पादनाचा निर्देशांक काढला तर पुढचे साधे वर्षही भरघोस वाटेल.

टक्के आणि टन

साखर कारखान्याच्या हंगामाचा आलेख हे दुसऱ्या अक्षाचे योग्य उदाहरण आहे: गाळप टनांत स्तंभांनी आणि उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचे प्रमाण, टक्क्यांत रेषेने. उताऱ्यात दशांशाचा फरकही महत्त्वाचा असल्यामुळे उजवा अक्ष शून्यापासून न घेता १० ते १३ असा घेतला तरी हरकत नाही, कारण रेषेला शून्याचे बंधन नसते. स्तंभांचा डावा अक्ष मात्र शून्यापासूनच असावा. साखर उत्पादनाची तिसरी मालिका घालण्याचे कारण नाही. क्विंटलमधील उत्पादन म्हणजे टनांतील गाळप गुणिले उतारा भागिले १०, म्हणजे ८,००० टन गाळप आणि १२ टक्के उतारा असेल तर ९,६०० क्विंटल. ती मालिका जवळजवळ गाळपाच्याच आकाराची येईल आणि नवे काही सांगणार नाही.

संपूर्ण हंगामाचे गाळप लाखांत जात असेल तर अक्षावर शून्यांची रांग लागते. ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’मधील ‘डिस्प्ले युनिट्स’ या यादीत १००००० हा पर्याय आहे. तो निवडून शेजारी आपोआप आलेल्या लेबलच्या जागी ‘लाख टन’ असे लिहावे. आलेख कार्यालयातील काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला जाणार असेल तर रंगांनी केलेली अक्षांची जुळणी कागदावर उरत नाही, तेव्हा रेषेच्या शेवटच्या बिंदूला मालिकेचे नाव आणि एकक देणारे लेबल जोडून मगच प्रिंट द्यावी.